दुष्काळी मुलखातली होडी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात निवृत्त माणसाने दिवस कसा घालवावा, याचे संकेत ठरून गेलेले आहेत. पहाटे हातलाईच्या टेकडीकडे फिरायला जावे, येताना वर्तमानपत्र आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन यावे, दुपारी वामकुक्षी घ्यावी आणि संध्याकाळी कोणाच्या तरी ओट्यावर बसून पाऊस, ऊस व राजकारण या तीन विषयांवर मते द्यावीत. मंगळवार-शुक्रवार जमल्यास तुळजापूर. ज्यांना शेती आहे ते शेतावर जातात आणि गड्याच्या कामात अडथळा आणून दमून घरी येतात. या यादीत होडी कुठेच बसत नाही. आमच्याकडची प्रत्येक पिढी शाळेत चित्रकलेच्या वहीत दोन डोंगर, मधून नदी आणि नदीत तिकोनी शिडाची होडी काढत आली. पण त्या मुलांतल्या बहुतेकांनी खरी होडी कधी पाहिलेली नसते. त्यांनी पाहिलेला असतो तो टँकर.

अशा जिल्ह्यात राहणाऱ्या बापाला होडी घेऊन द्यावी, असे मुलाच्या मनात यावे, याला कारण हॉलंड. आमचा मुलगा नऊ वर्षे तिकडे आहे. त्याच्या घरामागून एक कालवा जातो आणि शेजारचे सत्तरीचे गृहस्थ रोज संध्याकाळी आपल्या लहानशा होडीत बसून त्यातून भटकून येतात. पंधरा मीटरपेक्षा आखूड आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा वेगाने न जाणारी होडी असली, तर तिकडे चालवण्याचा परवानाही लागत नाही म्हणे. त्या गृहस्थांना पाहून आमच्या मुलाला बाप आठवला. फोनवर म्हणाला, "बाबा, तुमच्यासाठी एक होडी घेऊ या. कोणती ते तुम्ही ठरवा, पैसे मी पाठवतो."

याआधी त्याने घरातल्या घरात चालण्याचे यंत्र पाठवले होते. त्यावर सध्या पापड आणि पावसाळ्यात कपडे वाळतात. रक्तदाब मोजायचे यंत्र आले, पावले मोजणारे घड्याळ आले. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. दूर राहणाऱ्या मुलांना आपल्याकडे येऊन बसता येत नाही, तेव्हा ती वस्तू पाठवतात. आपणही ती वस्तू समोर ठेवून त्यांच्याशी बोलतो. पण यंत्र वापरले नाही तर फार तर ते अडगळीत पडते. होडी चुकीची निघाली तर माणूस बुडतो. म्हणून या भेटीचा विचार मी जरा निराळ्या रीतीने करायचे ठरवले.

तीस-बत्तीस वर्षे बँकेत कर्जाचे अर्ज वाचण्यात गेली. विहीर, पंप, दुभती म्हैस, ट्रॅक्टर, शेळ्या, शिलाईयंत्र, एकदोनदा मासेमारीची जाळीसुद्धा. होडीचा अर्ज मात्र पहिलाच, आणि तोही असा की अर्जदार मुलगा आणि लाभार्थी बाप. अर्ज कोणताही असो, आम्हाला शिकवलेले होते की वस्तूची किंमत शेवटी विचारायची. म्हशीचा अर्ज आला तर आधी वैरण कुठली ते विचारायचे, विहिरीचा आला तर शेजारच्या विहिरीला पाणी किती परसांवर लागले ते पाहायचे. त्याच न्यायाने होडीच्या बाबतीत पहिला प्रश्न होडीचा नाही. तो आहे पाण्याचा: कुठले पाणी, आणि वर्षातून किती महिने?

पाण्याशी आमचे नाते जुने, पण लांबून. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या कोणा ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात तगरचा उल्लेख आहे. तिथला माल भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. मात्र तगरपासून भडोचपर्यंत तो जाई गाड्यांतून. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही होडी भडोचच्या वाट्याला होती आणि आमच्या वाट्याला बैलगाडी.

नळदुर्गाने मात्र ही उणीव एकदा भरून काढली. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातला गेला आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात बोरी धरण भरले की नर आणि मादी असे दोन धबधबे त्या बांधावरून कोसळतात आणि आत महालात उभा असलेला माणूस कोरडा राहतो. १८५३ नंतर काही वर्षे तिथे इंग्रजांचा अंमलदार म्हणून मेडोज टेलर राहिला. ठगांच्या कबुलीजबाबावरची गाजलेली कादंबरी लिहिणारा तोच हा. दिवसा दप्तर आणि रात्री कादंबरी, हा जोडधंदा करणारा आमच्या जिल्ह्यातला बहुधा तो पहिला. मला त्याच्याबद्दल थोडी जवळीक वाटते, यात नवल नाही. २०१४ मध्ये राज्य शासनाच्या वैभव संगोपन योजनेखाली या किल्ल्याची देखभाल एका खासगी कंपनीकडे सोपवली गेली आणि पुढे किल्ल्यातल्या पाण्यावर नौकाविहारही सुरू झाला. आमच्या भागातल्या अनेकांनी आयुष्यातली पहिली होडी पाहिली ती तिथेच, आदिलशाही तटाच्या सावलीत.

पण नळदुर्गाच्या होडीत तिकीट काढून बसणे वेगळे आणि स्वतःची होडी पाण्यात सोडणे वेगळे. तेव्हा मी जिल्ह्याचा नकाशा घेऊन बसलो. लोहारा तालुक्यात माकणीला निम्न तेरणा प्रकल्प आहे. १९९३ च्या भूकंपानंतर या जलाशयाकडे लोक बराच काळ संशयाने पाहत होते, तो हा. परंडा तालुक्यात सीना-कोळेगाव आहे. शिवाय रोजगार हमीच्या कामांतून झालेले पाझर तलाव गावोगाव आहेत. ऑक्टोबरात यांतले कोणतेही पाणी पाहिले तर हॉलंडमधला माणूसही हेवा करील. पण हॉलंडच्या कालव्याचा काठ बाराही महिने एकाच जागी असतो, आणि आमच्या धरणाचा काठ चालतो. दिवाळीत जिथे पायरीवरून होडीत पाय टाकता येतो, तिथून मार्चमध्ये पाणी चारपाचशे पावले मागे सरकलेले असते, आणि मधल्या जागेत असतो काळा गाळ. वरून भेगाळलेला आणि वाळलेला दिसतो. पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत. साठीपुढच्या माणसाने त्या गाळातून होडी ओढत न्यायची, म्हणजे विहार व्हायच्या आधीच हाडवैद्याची भेट.

पाण्याखाली काय आहे तेही पाहावे लागते. धरणाच्या पोटात आधी रान होते. त्यात बाभळी होत्या, दगडी बांध होते, विहिरी होत्या. पाणी उतरू लागले की वाळलेल्या बाभळीचे शेंडे वीतभर खाली येतात आणि वरून दिसत नाहीत. रबरी हवेची होडी असेल तर एक काटा पुरे. शिवाय मासेमारी संस्थांची जाळी पसरलेली असतात. तलावातल्या मासेमारीचा ठेका त्या संस्थांनी पैसे मोजून घेतलेला असतो. त्यांच्या जाळ्यात आपले वल्हे अडकले तर ओरडण्याचा हक्क त्यांचा. धरण पाटबंधारे खात्याचे, तेव्हा होडी घालायची तर त्यांची लेखी परवानगी हवी. यंत्र लावलेली होडी असेल तर २०२१ चा अंतर्देशीय जहाज कायदा लागू होतो. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी तो आला. त्यात नोंदणी आहे, तपासणी आहे, विमा आहे. हे सारे मी मुलाला कळवले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, तुम्ही नाही म्हणायची कारणे शोधताय." बँकेतही अर्जदार हेच म्हणत.

नाही म्हणायचे नव्हतेच. खरे सांगायचे तर त्या फोननंतर मला झोपेतही पाणी दिसू लागले होते. आमची पिढी पोहायला शिकली ती विहिरीत. पाठीला डालड्याचा रिकामा डबा नाहीतर वाळका भोपळा बांधायचे आणि वडील नाहीतर चुलते वरून ढकलून देत. पांगाऱ्याचे हलके लाकूडही कमरेला बांधत. चार दिवसांत डबा सुटे आणि मग मे महिनाभर विहिरीतून कोणी बाहेर येत नसे. पुढे नोकरी, बदल्या, भाड्याची घरे. पाण्यात पोहण्याऐवजी पाणी भरण्यात आयुष्य गेले. पहाटे तीनला नळ येई तेव्हा हंडे लावून उभे राहिलेल्या माणसाला पाणी पाहून आनंद व्हायचा तो साठ्याचा, पसाऱ्याचा नव्हे. २०१६ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा ते पाहायला स्टेशनवर लोक जमले होते. आमच्या शहराच्या नळालाही येते ते उजनीचे पाणी. अशा ठिकाणी केवळ मौजेसाठी पाण्यावर जाऊन बसणे हे अनेकांना उधळेपणाचे वाटेल. मलाही अधूनमधून वाटले. पण होडी पाणी पीत नाही. ती त्यावर नुसती बसते.

दुष्काळी मुलखातल्या माणसाचे पाण्यावर काय काम, असे विचारणाऱ्यांना मी दत्तू भोकनळचे नाव सांगतो. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातले तळेगाव रोही हे त्याचे गाव. तोही असाच कोरडा टापू. वडिलांबरोबर विहिरी खणायच्या कामावर जाणारा हा मुलगा सैन्यात गेला, तिथे त्याच्या हाती वल्हे आले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात भारताकडून उतरलेला तो एकटा खेळाडू होता. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदकही मिळवले. विहीर खणणारी पाठ आणि वल्हवणारी पाठ यांत फारसे अंतर नसावे.

पाठीचा प्रश्न मात्र खरा आहे, कारण होडीची निवड शेवटी पाठ, गुडघे आणि तोल यांच्यावर येऊन ठरते. मुलाने आधी पसंत केली होती ती कायाक: निमुळती, चकचकीत, दोन टोकांचे वल्हे असलेली. चित्रात छान दिसते. पाण्याच्या पातळीला, पाय लांब करून, पाठ टेकायला फारसे काही नाही अशा स्थितीत तिच्यात बसावे लागते. ज्यांना देवळात मांडी घालून बसल्यावर उठताना खांब लागतो, त्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये. जिच्या वरच बसायचे असते ती प्लॅस्टिकची कायाक त्या मानाने बरी. ती उलटली तरी पाण्याने भरत नाही. पण तिचेही वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे सिमेंटच्या अर्ध्या पोत्याइतके. आणि अर्धे पोते निदान खांद्यावर घेता येते, दहा फुटांची होडी नाही.

हवेची होडी गुंडाळून पिशवीत राहते, मोटारीच्या डिकीत मावते, ही तिची मोठीच सोय. सपाट बुडाची असल्याने ती डोलतही कमी. पण आमच्या बाभळी आणि आमचे ऊन या दोहोंशी तिचे जमत नाही. सकाळी गार हवेत टम्म भरलेली होडी बाराच्या उन्हात ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवणींवर ताण येतो. म्हणून काठावर काढल्यावर थोडी हवा सोडावी लागते, हे विकणारा सांगतोच असे नाही. वारा सुटला तर ती पाण्यावर टरफलासारखी वाहत जाते. हंसाच्या आकाराची पायडलची होडी आमच्या सौभाग्यवतींना आवडली होती. बसायला खुर्चीसारखी जागा, वर छत, हात मोकळे. बागेतल्या तळ्यात ती उत्तम. उघड्या जलाशयात मात्र तो हंस आणि ते छत म्हणजे शीडच. समोरून वारा आला की पाय कितीही मारा, हंस मागे मागेच जातो.

आणि काहील? गुऱ्हाळातली गूळ शिजवायची मोठी कढई. भीमा-सीनेच्या काठांवर पूर्वी लोक काहिलीत बसून नदी पार करत आणि अडल्या वेळी अजूनही करतात. गोल असल्याने ती उलटत सहज नाही, पण सरळही जात नाही. स्वतःभोवती फिरत राहते. आमच्या ओट्यावरच्या एका मित्राचे म्हणणे असे की, निवृत्त माणसाला सरळ जायचेच कुठे असते, तेव्हा काहील घ्या, शिवाय पावसाळा संपल्यावर गूळही करता येईल.

माझे मत बनले ते माकणीच्या काठावर, एका म्हाताऱ्या मच्छीमाराशी बोलताना. त्याची पत्र्याची होडी होती; तळ सपाट, बाजू बुटक्या, पुढचे टोक वर उचललेले. मी त्याला माझी सगळी माहिती सांगितली. तो बिडी विझवून म्हणाला, "सायेब, होडी पान्यात कुनाला पाडत न्हाई. चढताना पाडती, न्हाईतर उतरताना. आनि तिसरं, मधीच उभं ऱ्हायल्यावर. तुमी मला एवढंच सांगा, तुमी उभं ऱ्हायल्याबगर बसू शकता का?" या एका वाक्यात मला जे कळले ते चार-पाच माहितीपत्रकांत नव्हते. मग त्याने मला प्रात्यक्षिकच दिले. आधी दोन्ही काठ धरायचे, मग एक पाय नेमका मध्यभागी, मग बूड खाली, आणि दुसरा पाय शेवटी. उतरताना उलट क्रम. सहा वेळा त्याने ते माझ्याकडून करून घेतले. एखाद्या शाखाधिकाऱ्याने नव्या कारकुनाकडून खातेवही लिहून घ्यावी तसे.

तेव्हा ठरले ते असे. वल्ह्याची होडी, फायबरची, सपाट तळाची, दहा-अकरा फूट लांब आणि निदान चार फूट रुंद. अरुंद होडी वेगाने जाते, पण वेगाशी आपल्याला कर्तव्य नाही. रुंद होडी आपण एका अंगाला झुकलो तरी सावरून धरते. दोन आडव्या फळ्या बसायला, गुडघ्याला त्रास होऊ नये इतक्या उंच, आणि मधल्या फळीखाली व दोन्ही टोकांना बंद कप्पे, त्यांत फोम भरलेला. हा फोमचा मुद्दा मी मुलाला तीनदा लिहून पाठवला. होडी पाण्याने काठोकाठ भरली तरी त्या कप्प्यांमुळे ती तळाला जात नाही, आणि पडलेल्या माणसाला धरायला काहीतरी राहते. काठाला चारी बाजूंनी दोर हवा. रंग भगवा किंवा पिवळा. निळा नको, हिरवा नको, कारण शोधणाऱ्याला दिसली पाहिजे. वल्हवणारा पाठमोरा बसतो, म्हणजे आपण जातो तिकडे पाठ आणि सोडून आलो तो काठ समोर. ही बैठक मला या वयाला फार सोयीची वाटते. पुढचे पाहायला मात्र कोणीतरी हवेच. म्हणून दुसरी फळी.

दुसऱ्या फळीचा विषय निघाला तो घरातूनच. महिनाभर हा खल ऐकल्यावर ही एक दिवस म्हणाली, "अहो, तुम्ही दोघे बापलेक होडीचे बघताय. तुम्ही पाण्यात असताना मी काठावर बसून काय करायचे, ते कोणी ठरवलेय का?" प्रश्न रास्त होता. निवृत्तीच्या बहुतेक भेटी एकट्या पुरुषाच्या मापाच्या असतात. बाईला निवृत्ती नसतेच, असे घरातले सगळेच धरून चालतात, आणि परदेशातली मुलेही त्यात आली. तिला पोहता येत नाही. विहिरीवर मुलींना कोणी डबा बांधला नाही. तेव्हा होडी दोघांची घ्यायची, तर तिने आधी अंगावर लाइफ जॅकेट घालून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाय सोडून पाहायचे, असे ठरले. नळदुर्गाच्या तिकिटाच्या होडीत आम्ही दोघे बसलो तेव्हा तिने पहिल्यांदा काठ इतका घट्ट धरला की बोटे पांढरी झाली. परतताना ती पाण्यात हात घालून बसली होती.

लाइफ जॅकेटबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण होडीपेक्षा तेच महत्त्वाचे आहे आणि आपल्याकडे तेच सर्वांत हलक्या हाताने घेतात. २०२४ च्या २१ मे रोजी, उजनीच्या पाण्यात, करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली होडी संध्याकाळच्या वादळात उलटली. सातांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुले होती. आमच्या नळाला येते तेच हे पाणी. त्याच वर्षी जानेवारीत बडोद्याच्या हरणी तलावात सहलीला आलेल्या शाळेची होडी उलटून बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका दगावल्या. क्षमतेपेक्षा जास्त माणसे आणि अनेकांच्या अंगावर जॅकेट नाही, असे तिथे होते. या दोन्ही घटना मी मुलाला कात्रणांसह पाठवल्या. भीती घालायला नव्हे. हॉलंडच्या कालव्यात वळीव नसतो, हे त्याला आठवावे म्हणून. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे दुपारपर्यंत पान हलत नाही आणि चारनंतर पश्चिमेकडून काळे आभाळ आले की दहा मिनिटांत उघड्या पाण्यावर लाटा उठतात. म्हणून या दिवसांत सकाळी दहाच्या आत काठाला यायचे. त्याला अपवाद नाही, पाहुणे आले तरी.

जॅकेटांवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. पन्नासचे जॅकेट साधारण पाच किलोचा उचल देते. ते पोहता येणाऱ्यासाठी, तेही मदत जवळ असेल तर. शंभरचे त्याच्या दुप्पट, आणि त्याला मानेमागे कॉलर असते, म्हणजे माणसाचे तोंड पाण्याच्या वर राहायला मदत होते. साठीपुढच्या माणसाला पोहता येत असले तरी त्याने शंभरचेच घ्यावे. चक्कर येऊन पडलेल्या माणसाला पोहता येणे उपयोगाचे नसते, आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना चक्कर केव्हा येईल हे सांगता येत नाही. दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर सरकून कानाशी येते आणि माणूस खाली राहतो. घेताना अंगात घालून, कोणाला तरी दोन्ही खांद्यांना धरून वर ओढायला सांगावे. हनुवटीच्या वर गेले तर माप मोठे. त्याला शिटी बांधलेली असावी. आणि ते फळीखाली ठेवायचे नाही, अंगात घालायचे. उकडते, हे मान्य. उकडू द्यावे.

एवढे सगळे ठरत आले असताना २०२५ चा सप्टेंबर आला. ज्या भूम-परंड्याच्या नावापुढे 'दुष्काळी' लिहायची सवय झालेली, तिथे सीनेचे पाणी रातोरात घरांत शिरले. छपरावर अडकलेल्या माणसांना एनडीआरएफच्या होड्यांनी आणि हेलिकॉप्टरने काढावे लागले. उभा सोयाबीन गेला, त्याखालची मातीच वाहून गेली, गोठ्यात बांधलेली जनावरे दाव्यासकट गेली. आठवडाभर होडी हा शब्द आमच्या ओट्यावर पुन्हापुन्हा आला, पण त्याचा अर्थ बदललेला होता. एका ओळखीच्या शेतकऱ्याने मला विचारले, "साहेब, तुमची होडी आली का हो?" तो थट्टा करत नव्हता. त्याला वाटले होते की ती असती तर आणता आली असती.

त्या प्रश्नाने मला बरेच दिवस सोडले नाही. तांत्रिक उत्तर सोपे आहे: दोन माणसांची वल्ह्याची होडी वाहत्या पुरात काडीइतकीही टिकत नाही. पुराला यंत्राची, मजबूत रबरी होडी आणि शिकलेली माणसे लागतात, आणि कोणी हौसेने आपली होडी त्यात घातली तर सोडवायची माणसे दोनाने वाढतात. पण गावात होडी एकच असेल आणि समोर छपरावर माणसे दिसत असतील, तर हे तांत्रिक उत्तर कोण ऐकणार, आणि ते मी कुठल्या तोंडाने देणार? मौजेची वस्तू घेताना शेजाऱ्याला मोटार आपल्यापेक्षा मोठी दिसेल का, एवढाच विचार आपण करतो. इथे मात्र वस्तू अशी होती की वर्षातल्या एखाद्या रात्री ती कोणाचाही हक्क होऊ शकते. मी आमच्या ओळखीच्या दोन सरपंचांशी बोललो. नदीकाठच्या गावांसाठी पंचायतीने चार चांगली जॅकेटे, दोन रबरी ट्यूब आणि शंभर हात तरंगता दोर ठेवावा, तो दरवर्षी मे महिन्यात तपासावा, हे त्यांना पटले. एका गावात दोर आला आहे. दुसऱ्या गावात ठराव झाला आहे. ठराव आणि दोर यांतले अंतर मला नोकरीपासून ठाऊक आहे, म्हणून मी दर पंधरवड्याला चौकशीचा फोन करतो.

मुलाला मी होडीचा आराखडा पाठवला तेव्हा त्याने एक गोष्ट विचारली, जी मला अपेक्षित नव्हती. "बाबा, दोन फळ्या आहेत. मी आलो की कुठे बसू?" मग लक्षात आले की त्याच्या मनात जी होडी होती तिच्यात तोही होता. शेजारच्या गृहस्थांकडे पाहताना त्याला त्यांचा एकटेपणा दिसला नव्हता. रविवारी त्यांच्या होडीत बसणारी त्यांची मुलगी दिसली होती. नऊ वर्षांत तो इकडे पाच वेळा आला. प्रत्येक वेळी मुंबई, नातेवाईक, दाताचा डॉक्टर, बँकेची कामे आणि परत. दोन तास सलग शेजारी बसलो, असे आठवत नाही. होडीत बसले की उठून जाता येत नाही, हा तिचा गुण मी माझ्या टिपणात लिहायचा राहिलो होतो. तो त्याने हेरला होता.

आराखडा बदलला. आता होडी बारा फुटांची, तीन फळ्यांची. वजन वाढले, म्हणजे उचलायला दोन गडी जास्त. ती माकणीला त्या मच्छीमाराच्या झोपडीमागे उलटी घालून, वर पालापाचोळा नव्हे तर ताडपत्री टाकून ठेवायची; ऊन फायबरला खाते. त्याला महिन्याला काही रक्कम द्यायची आणि आम्ही नसताना त्याने ती वापरली तरी हरकत नाही, हे कागदावर लिहून दिले आहे. पाटबंधारे खात्याकडे अर्ज दिला आहे. घसारा धरून हिशेब केला तर ही भेट भाड्याच्या होडीपेक्षा महाग पडते. असा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला असता तर मी शेरा मारला असता: अनुत्पादक. तरीही मंजूर केला असता की नाही, ते सांगत नाही.

एकच गोष्ट बाकी आहे. आम्ही बदलीच्या गावांत भाड्याने राहत असताना हा मुलगा मोठा झाला. तिथे विहीर नव्हती, तलाव नव्हता. त्याला पोहता येत नाही. हॉलंडमध्ये त्याची सात वर्षांची मुलगी पोहायला शिकते आहे. तिथे मुलांना अंगावरच्या कपड्यांसकट पोहून दाखवावे लागते, तेव्हाच पहिले प्रमाणपत्र मिळते. मी त्याला कळवले आहे की ऑक्टोबरात पाणी भरलेले असेल तेव्हा यावे. पण त्याआधी नातीच्याच वर्गात नाव घालावे. त्याने दोन जॅकेटे तिकडून पाठवली आहेत, शंभरची, कॉलरवाली. तिसऱ्यासाठी त्याच्या छातीचे माप मागवले आहे.